मुदत संपली त्या सकाळी

आक्काच्या नाकावर राग असतो हे गल्लीत कुणाला सांगावं लागत नसे. फोटोला फ्रेम करून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी पायरीवर घसा खाकरायचं आणि मगच दुकानात पाऊल टाकायचं. आक्का काच कापत असताना मध्येच कुणी बोललं की काही धडगत नसे. काचेवर कटर एकदाच ओढायचा असतो. हात जरा अडखळला की काच वाकडी फुटते, आणि मग आक्काच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो तो गिऱ्हाईक कोपऱ्यावरून वळेपर्यंत.

दुकान मुळात तिच्या सासऱ्यांचं. लग्न होऊन आली तेव्हा तिला खिळासुद्धा सरळ ठोकता येत नव्हता. पुढे एकदा काचेच्या तावांची चळत उचलताना नवऱ्याच्या पाठीत जी चमक भरली, ती परत निघालीच नाही. तेव्हापासून तो उंच खुर्चीवर बसून फोटोभोवतीचे पुठ्ठे कापायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याची थट्टा करायचा. उभ्याने करायचं सगळं काम आक्काकडे आलं. रोज सकाळी त्याच्या पायांत मोजे घालून द्यायचे, त्याला धरून उभं करायचं, खुर्चीवर नेऊन बसवायचं आणि मग शटर वर करायचं. धाकट्या भावाला तिनेच शिकवलं होतं. तो पाणीपुरवठा खात्यात कारकून होता आणि बहिणीला भिऊन असायचा.

दुकानाला एक कायमचं काम होतं, ते म्हणजे सरकारी कचेरीचं. मोठी दुमजली इमारत, आणि खोली तिथे राष्ट्राध्यक्षांचा फोटो. वर्षातून एकदा सगळ्या फ्रेमा उतरवून काचा पुसायच्या, सैल झालेले खिळे बदलायचे. पण खरं काम असायचं ते राष्ट्राध्यक्ष बदलले की. सासऱ्यांनी त्याची एक पद्धत घालून दिली होती. मुदतीचा शेवटचा दिवस मावळला की दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडताच फोटो काढायचा, त्या जागी कोरा पांढरा पुठ्ठा बसवायचा आणि फ्रेम पुन्हा टांगायची. नवीन माणसाने शपथ घेतली की मग त्याचा फोटो. मधला वेळ, काही तास असो वा काही आठवडे, भिंतीवर कुणी नाही. जुना फोटो फेकायचा नाही, तो नव्याच्या मागे सरकवायचा, म्हणजे काचेला दाब नीट बसतो. "जुने साहेब नव्या साहेबांच्या पाठीला टेकू. माझ्या पाठीला मात्र कुणी नाही," असं नवरा दर वेळी म्हणायचा आणि आक्का दर वेळी त्याच्यावर डाफरायची.

आता त्या राष्ट्राध्यक्षांबद्दल. दोन मुदती झाल्या की घरी जायचं, असं राज्यघटनेत लिहिलेलं होतं. फार अवघड वाक्य नव्हतं ते. शाळेतली पोरंसुद्धा पाठ म्हणायची. साहेबांनी स्वतः दोन वेळा त्याच घटनेवर हात ठेवून शपथ घेतली होती. पण दुसरी मुदत सरत आली तसा त्यांना देशाचा फार कळवळा येऊ लागला. परिस्थिती नाजूक आहे म्हणून त्यांनी निवडणूक पुढे ढकलली. सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की असा अधिकार राष्ट्राध्यक्षांना नाही, मुदत संपली की ती संपली, निवडणूक होईपर्यंत संसदेच्या सभापतींनी कारभार पाहावा. त्यावर साहेब काहीच बोलले नाहीत. न्यायालय बोललं की ऐकून घ्यायचं आणि आपल्याला हवं तेच करायचं, ही त्यांची जुनी रीत. संताप येतो तो याचा. घर भाड्याने घेतलेला माणूस मुदत संपल्यावर हलला नाही तर लोक त्याला चारचौघांत नावं ठेवतात. इथे माणूस आख्ख्या देशावर ठाण मांडून बसला, तरी शिकलेसवरलेले लोक 'बघू या काय होतं ते' म्हणत चहा ढवळत बसले.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी साहेबांनी टीव्हीवर भाषण केलं. देशाच्या हितासाठी मी ही जबाबदारी सोडणार नाही, असं त्यांनी सांगितलं. देशभर लोक श्वास रोखून ऐकत होते. आक्काकडे त्या वेळी एका शाळेच्या फोटोंचं मोठं काम होतं आणि ती काच कापत होती. शेजारणीने टीव्हीचा आवाज एवढा मोठा केला होता की आक्काची काच वाकडी फुटली. ती तशीच दारात जाऊन ओरडली, "अगं ए, बंद कर तो बडबड्या! इथे माणसं काम करतायत!" शेजारणीने घाबरून टीव्ही बंद केला. त्यामुळे ते ऐतिहासिक भाषण आक्काने ऐकलं नाही, आणि शेजारणीने निम्मंच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याला मोजे घालून झाल्यावर आक्का पांढरे पुठ्ठे, पक्कड आणि खिळ्यांचा डबा घेऊन कचेरीत गेली. हेडक्लार्क दारातच भेटले. तिच्या हातातले पुठ्ठे बघून त्यांचा चेहरा पडला.

"आक्का, आज?"

"मग कधी? काल संपली ना मुदत? स्टूल कुठाय तुमचं?"

हेडक्लार्कना वाटलं, हिला वरून कुणाचा तरी निरोप असणार. नाहीतर एवढ्या बिनधास्त कोण येईल? त्यांनी स्टूल आणून दिलं. ते डगमगत होतं म्हणून धरूनही ठेवलं. हॉलमधल्या कारकुनांनी एकदा वर पाहिलं आणि माना खाली घातल्या. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्या कुणाला तरी काहीतरी ठाऊक असणार. एकानेसुद्धा 'अहो, काय करताय' म्हणून विचारलं नाही. आक्का शांतपणे एकेक फ्रेम उतरवत गेली, साहेबांना बाहेर काढून फडक्यात गुंडाळत गेली, पांढरा पुठ्ठा बसवत गेली. खालचा मजला झाला. वरच्या मजल्यावर दोन खोल्या झाल्या, तेवढ्यात कुठूनतरी फोन आला आणि हेडक्लार्क धापा टाकत जिना चढून आले.

"आक्का, थांबा! हे तुम्हाला कुणी सांगितलं करायला?"

"कुणी म्हणजे? दर वेळी करतो की."

हेडक्लार्कच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी स्टुलावरचा हात असा काढून घेतला की आक्का पडता पडता वाचली.

पोलीस आले ते फौजफाटा घेऊन. एका फ्रेमवालीला धरायला दोन गाड्या. ठाण्यावर फौजदाराने तिला बसवून हाच एक प्रश्न फिरवून फिरवून विचारला, की यामागे कोणता पक्ष आहे. मागे फक्त जुना फोटो असतो, असं तिने त्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला. तो आणखी चिडला. भाषणाची गोष्ट तिला तिथेच कळली.

"म्हणजे तो बडबड्या ते बोलत होता होय?" ती म्हणाली. ते वाक्यही फौजदाराने लिहून घेतलं.

खरं सांगायचं तर त्या दिवशी आक्काला देशाचं काही पडलेलं नव्हतं. 'चूक झाली, परत लावते फोटो,' म्हणून ती मोकळी झाली असती. पण ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं. राष्ट्राध्यक्षांचा अवमान केला म्हणून तिच्यावर गुन्हा लागला. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, असं हवालदाराने तिला पाणी देता देता सांगितलं. ते ऐकल्यावर तिच्या डोळ्यांसमोर खुर्चीतला नवरा आला. दोन वर्षं त्या माणसाला उठवणार कोण?

बायकांच्या कोठडीत तिने बरेच दिवस काढले. ओलसर भिंत, कोपऱ्यात गळका नळ, निजायला सतरंजीचा तुकडा. शेजारीण नवऱ्याला दोन वेळचं जेवण नेऊन देत होती, पण त्याला उठवणं तिला जमण्यासारखं नव्हतं. एकदा तो एकटाच उठायला गेला आणि पडला. दुपारपर्यंत तसाच जमिनीवर पडून होता. भावाने भेटीला येऊन हे सांगितलं. आक्काने गजांना घट्ट धरलं. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते तिला त्या दिवशी कळलं. आधीचे सगळे राग त्यापुढे पोरखेळ होते.

जामीन झाला. सरकारकडून तिला एक वकीलबाई मिळाली होती. वयाने लहान, पण डोक्याने तल्लख. ती दुकानात आली, काचेचे तुकडे चुकवत स्टुलावर बसली आणि म्हणाली, "आक्का, तुमची केस मोठी गमतीची आहे."

"गंमत? आत जाऊन बघ एकदा, मग सांग गंमत."

"तसं नाही हो. ऐका तर. कायद्यात लिहिलंय, पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षांचा अवमान केला तर गुन्हा. पदावर असलेल्या. आता तुम्हाला शिक्षा द्यायची तर न्यायाधीशांना आधी म्हणावं लागेल की त्या दिवशी ते पदावर होते. म्हणजे सर्वोच्च न्यायालय खोटं. आणि तुम्हाला निर्दोष सोडायचं तर म्हणावं लागेल की ते पदावर नव्हते."

"मग म्हणू दे की. नव्हतेच."

"तेच तर त्यांना म्हणायचं नाहीये. देशात अजून कुणीच ते कागदावर म्हटलेलं नाही. मुदत संपायच्या आधी म्हणणारे होते. संपल्यावर सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलंय."

नवरा खुर्चीवरून म्हणाला, "म्हणजे आख्ख्या देशाचं कोडं सोडवायला आमची हीच सापडली? अहो, हिला घरातला हिशेब धड जमत नाही." आक्काने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा पुठ्ठा कापू लागला.

तिला कोठडीत पाठवणारेच न्यायाधीश खटल्याला होते, निवृत्तीला टेकलेले गृहस्थ. त्यांनी तारखांवर तारखा दिल्या. एकदा त्यांची तब्येत बरी नव्हती, एकदा कागद आले नव्हते, एकदा तर काहीच कारण नव्हतं. मधल्या काळात कचेरीतले साक्षीदार येऊन गेले. हेडक्लार्क शपथेवर म्हणाले की मी स्टूल धरलं नव्हतं, मी स्टुलाशेजारी उभा होतो. कारकुनांपैकी कुणी काही पाहिलंच नव्हतं. डोळ्यांदेखत एवढ्या फ्रेमा उतरल्या, आणि एकाच्याही नजरेला पडल्या नाहीत! आक्का पिंजऱ्यात उभी राहून एकेकाचं तोंड बघत होती. यांच्या घरचे लग्नाचे, बारशाचे फोटो तिच्याच हाताने फ्रेममध्ये बसले होते.

शेवटी न्यायाधीशांनीच वाट काढली. त्यांनी वकीलबाईंना सुचवलं की आरोपीने माफी मागावी, समज देऊन सोडून देता येईल. भाऊ त्या संध्याकाळी धावत आला.

"आक्का, माग माफी. दोन शब्दांचं तर काम आहे. माझ्या साहेबांनी मला बोलावून विचारलं, ती तुमची सख्खी बहीण का म्हणून. मला पोरं आहेत गं."

आक्काने नवऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मागते. धुळीची मागते, स्टुलाची मागते, काय लागेल त्याची मागते. संपवा एकदाचं."

आणि ती खरंच मागणार होती. हे नीट लक्षात घ्यायला हवं, कारण पुढे लोकांनी तिला रणरागिणी वगैरे केलं. ती त्या दिवशी कोर्टात गेली ती मान खाली घालून. सरकारी वकील उठले आणि म्हणाले, "आरोपीने एवढंच म्हणावं, की देशाच्या पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षांचा माझ्याकडून अवमान झाला, त्याबद्दल मी क्षमा मागते."

आक्काने तोंड उघडलं. "देशाच्या," ती म्हणाली आणि थांबली. मान वर करून तिने सरकारी वकिलांकडे पाहिलं.

"पदावर असलेल्या?"

"हो. म्हणा."

"आहेत का ते?"

"बाई, जेवढं सांगितलंय तेवढं म्हणा."

"तुम्ही म्हणा ना आधी. तुम्ही शिकलेले आहात." तिचा आवाज चढू लागला. "साहेब, तुम्ही म्हणा. ते आहेत पदावर, असं तुम्ही तोंडाने म्हणा, मी लगेच माफी मागते. मला मेलीला काय कळतंय?"

न्यायाधीश म्हणाले, "प्रश्न कोर्ट विचारतं. आरोपी नाही."

"मग विचारा की! कुणी अडवलंय? इतके दिवस मी इथे उभी राहते, तो प्रश्न सोडून सगळं विचारलंत तुम्ही मला. खिळे किती होते विचारलंत, पुठ्ठा कुठून आणला विचारलंत. आणि जे तुमच्यातलं कुणी म्हणायला धजत नाही, ते माझ्या तोंडून वदवून घेताय?"

पुढची तारीख पडली.

त्या तारखेला न्यायाधीश आले ते निकाल हातात घेऊनच. आरोपीचा हेतू सिद्ध होत नाही, पुरावा अपुरा आहे, सबब खटला निकाली काढण्यात येत आहे. भावाने सुस्कारा सोडला. नवऱ्यालाही त्या दिवशी खुर्चीसकट उचलून आणलं होतं, तो मागच्या बाकाशेजारून हसून हात हलवू लागला. हवालदाराने पिंजऱ्याचं दार उघडलं.

आक्का हलली नाही.

"साहेब, त्याचं काय?"

"कशाचं? बाई, तुम्ही सुटलात. जा घरी."

"ते पदावर होते का नव्हते, ते नाही वाचलंत."

"त्याची आवश्यकता नाही."

"मला आहे. ही वकीलबाई सांगते, असं अर्धवट सोडलं तर उद्या पुन्हा धरून नेतील. परत हा माणूस फरशीवर पडायचा. तुम्ही येणार आहात याला उठवायला?" तिने पिंजऱ्याचं दार स्वतःच आतून ओढून घेतलं. "मी नाही उतरत."

कोर्टात हशा पिकला आणि लगेच विरला. न्यायाधीशांनी हातोडा आपटला. कोर्टाच्या अवमानाबद्दल पुन्हा आत पाठवीन म्हणाले. "पाठवा," आक्का म्हणाली. वकीलबाईने तिच्या दंडाला धरलं, तिने हात झटकला. भाऊ बाकावरून नुसत्या ओठांनी 'आक्का, उतर' म्हणत होता. न्यायाधीश खाली वाकून, जवळजवळ खासगीत बोलल्यासारखं म्हणाले, "बाई, समजून घ्या. मलाही घरदार आहे."

"आणि माझं काय, दुकान आहे नुसतं?" आक्का ओरडली. "तुम्हाला घरदार, त्या हेडक्लार्कला घरदार, माझ्या भावाला घरदार! सगळ्यांनी आपापलं घरदार सांभाळायचं आणि त्या एका माणसाने सगळ्यांच्या घरात घुसून बसायचं, होय? त्याला कुणीच ऊठ म्हणायचं नाही? मी फ्रेमवाली आहे हो. मला नाही त्याला उठवता येत. तुम्हाला येतं, आणि तुम्ही मला सांगता, घरी जा!"

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग टायपिस्टकडे वळून त्यांनी सांगायला सुरुवात केली. आरोपीने फोटो काढला त्या दिवशी फोटोतील व्यक्तीची राज्यघटनेने ठरवून दिलेली मुदत संपलेली होती. टायपिस्टची बोटं थांबली. त्याने वर पाहिलं.

"साहेब, हे असंच लिहू?"

"असंच लिही. त्या दिवशी सदर व्यक्ती राष्ट्राध्यक्ष नव्हती. आजही नाही. सबब कोणताही गुन्हा घडलेला नाही."

सरकारी वकील ताडकन उठले. मागे कुणीतरी टाळी वाजवली, मग बरेच जण वाजवू लागले. वकीलबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. आक्का तेवढी हसली नाही. ती न्यायाधीशांकडे टक लावून पाहत होती, आणि गलबला शमेपर्यंत तशीच थांबली.

"साहेब, हे तुम्हाला आज कळलं?"

"नाही," न्यायाधीश म्हणाले. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"पहिल्या दिवसापासून," आक्का म्हणाली. "मग मला आत कशाला ठेवलं होतंत?"

आक्का उत्तराची वाट बघत पिंजऱ्यातच उभी होती.